आठ पुढारी, एक चूल

"आज्जी, तिथं तू मला ओळखायचं नाहीस. कळलं?"

हे मला आमच्या नातीनं बजावलं, आणि इतक्या हळू आवाजात बजावलं की "काय म्हणालीस गं?" असं मला दोनदा विचारावं लागलं. दम द्यायचा तर जरा आवाज चढवून द्यावा की नाही? पण तिच्याकडं चढवायला आवाजच नाही. आमच्या घरात बाकी कुणाचं असं नाही. आमच्याकडं "चहा घ्या" म्हटलं तरी नव्या पाहुण्याला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. मुलगा फोनवर बोलायला लागला की याला फोनची गरजच काय, असा प्रश्न पडतो. सून लग्न होऊन आली तेव्हा हळू बोलायची. तिलाही आम्ही वर्षभरात तयार केली. या पोरीपुढं मात्र आमचं काही चाललं नाही. ती आजोबांवर गेली. आजोबांचं पुढं येईलच. आधी हे न ओळखण्याचं प्रकरण सांगते.

नात नववीत आहे आणि शाळेत गाईड आहे. गाईडमध्ये सात-आठ मुलींचा एक संघ असतो आणि त्यांची म्होरकी ती संघनायिका. तिच्या निळ्या कुर्त्याच्या खिशावर दोन उभ्या पट्ट्या असतात. यंदा संघातल्या मुलींनी मतं घेऊन हिलाच नायिका केली. दुसरी कुणी असती तर नाचत घरी आली असती. ही आली ती तोंड पाडून. दप्तर ठेवलं, पाणी प्यायली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

"मी सावधान म्हटलं ना आज्जी, तर फक्त पुढची मुलगी सावधान होते. बाकीच्यांना ऐकूच जात नाही."

"मग जोरात म्हण."

"हेच जोरात आहे."

तिनं शाळेतल्या गाईडच्या मॅडमना जाऊन सांगितलं की मला हे नको. मॅडम शहाण्या. त्या म्हणाल्या, संघनायिकांचं प्रशिक्षण शिबिर लागलंय, तेवढं करून ये. आल्यावरही नको वाटलं तर पट्ट्या काढून दे, मी दुसरीला लावीन. तेव्हापासून नातीचं ठरलेलं. "नाव दिलंय म्हणून जाते. पण आल्यावर पट्ट्या उसवायच्या. तूच उसवून दे आज्जी, तुझी कात्री बारीक आहे."

मी बरं म्हटलं. पण जिवाला काही बरं वाटेना. खरं सांगते, मला पट्ट्यांचं कौतुक नाही. त्या दोन बोटं कापडाच्या असतात, बाजारात हव्या तेवढ्या मिळतात. पण मी आयुष्यभर मुलींना शिकवलं आहे. एकदा का पोरीनं "मला जमत नाही" म्हणून हातातली वस्तू परत केली, की परत करण्याची सवय लागते. मग ती बोलायची पाळी परत करते, खिडकीजवळची जागा परत करते, पुढं कधीतरी आपलं म्हणणंही परत करते. आणि या मुलीला मी ओळखते. ती एकदा परत केलेलं मागायला जाणाऱ्यातली नव्हे.

त्यातच शिबिरप्रमुखांचा मला फोन आला. त्या माझ्याच जुन्या विद्यार्थिनी, आता स्वतः गाईडच्या कॅप्टन, डोक्यावर निम्मे पांढरे केस. "बाई, बिनभांड्याच्या स्वयंपाकाला परीक्षक म्हणून येता का? तुमच्याइतकं कुणाला कळतंय त्यातलं?" स्तुतीला मी फार लवकर फसते. हो म्हटलं. मग आठवलं, तिथं नात असणार. लगेच सांगून टाकलं की बाई गं, माझं माणूस आहे तिथं. त्या म्हणाल्या, काही हरकत नाही, गुण आमचे सर देतील, तुम्ही नुसतं बघा, चव घ्या आणि दोन शब्द बोला.

घरी सांगितलं तर नात माझ्याकडं बघतच राहिली. आणि मग ते बजावणं आलं.

आता तुम्हाला एका दुसऱ्या संघनायिकेबद्दल सांगायला हवं. ती म्हणजे मीच, पण तिला "मी" म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून "ती" म्हणते.

तिच्या दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, गळ्यात शिट्टी. ही शिट्टी ती झोपतानाही काढायची नाही. घरी पानं वाढली की धाकट्या भावंडांना सावधान-विश्राम करून मगच ताटावर बसू द्यायची. आमच्या बोळाच्या तोंडाला तालीम होती. तिनं "सावधान!" म्हणून आरोळी ठोकली की आत जोर काढणारे पैलवान अर्ध्यात थांबतात, असं ती मैत्रिणींना सांगायची. एकच पैलवान थांबला होता, आणि तो दमला होता. हा आवाज बघूनच तिला संघनायिका केलेली. त्या काळी आमच्या शाळेत पुढारी निवडायची तीच पद्धत होती, आणि आता टीव्हीवर बघते तर बाहेरही फारशी वेगळी दिसत नाही.

तर या बाईसाहेब गगनबावड्याच्या रस्त्याला एका शिबिराला गेल्या. तिथं बिनभांड्याचा स्वयंपाक होता. म्हणजे तवा नाही, पातेलं नाही, पळी नाही, ताट नाही. पानावर कणीक मळायची, तापल्या दगडावर रोटी भाजायची, बटाट्याला चिखल लिंपून तो निखाऱ्यात सरकवायचा, दगडावर दगडानं चटणी वाटायची. संघातल्या सगळ्या मुलींनी मिळून करायचं, हे आधी समजावून सांगितलेलं. पण एका मुलीनं बटाटा हातात घेतला की ही म्हणायची, "आण इकडं, तुला यायचं न्हाई." दुसरीनं कणकीला हात लावला की, "सर बाजूला, सैल करशील." करता करता सगळ्या जणी ओळीनं बाजूला बसल्या आणि आमची रणरागिणी एकटी चुलीशी झुंजायला लागली. रोटीसाठी तिनं ओढ्यातला गुळगुळीत, देखणा दगड निवडून आणला होता. ओढ्यातला दगड आत पाणी धरून असतो आणि विस्तवावर तापला की फुटतो, हे शिबिराच्या पहिल्याच दिवशी सांगून झालं होतं. पण ती त्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी गप्प बसवत होती. दगड असा फुटला की शेजारच्या संघातल्या मुली किंचाळल्या आणि रोटी राखेत गेली.

मग आमच्या गाईडच्या बाई आल्या. निळी साडी, बारीक अंगकाठी, आवाज बेताचाच. त्यांनी रोटीकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "पोरींनो, हात दाखवा."

सगळ्यांचे हात शाळेत येताना असतात तसे स्वच्छ. हिचे कोपरापर्यंत काळे.

"तू स्वयंपाक केलास होय? बरं झालं. आणि या काय पंगतीला आल्यात?"

एवढंच बोलून बाई पुढच्या चुलीकडं गेल्या. नंबर नाही, शाबासकी नाही. आणि आमची वीरांगना काय समजली असेल? बाई आपल्यावर जळतात! हे तिनं घरी येऊन आईला रंगवून सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढं येतंय तर उद्या भाकऱ्या तूच बडव."

पुढं मी स्वतः शिक्षिका झाले, गाईडची कॅप्टन झाले, आणि बाईंची ती युक्ती बिनदिक्कत आपलीशी केली. जिथं जिथं बिनभांड्याचा स्वयंपाक असायचा तिथं मी पदार्थ बघायच्या आधी म्हणायची, "हात दाखवा." एका क्षणात कळतं, संघात कोण राबलं, कोण बसलं. माझा तर तो हुकमी एक्काच होता म्हणा.

शिबिराच्या दिवशी मी सकाळी राधानगरीची एस.टी. धरली. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या पुढं, त्यामुळं गाडी बैलगाडीच्या चालीनं. शिबिर एका शाळेच्या मागच्या माळावर होतं, कडेनं आंब्याची झाडं. शिबिरप्रमुखांनी गाईडच्या रिवाजाप्रमाणं डावा हात पुढं केला, मीही डाव्या हातानं हात मिळवला. मग मुलींच्या रांगेवरून मला नेलं. एकेकीशी डावा हात मिळवत चालले. मध्येच एक हात ओळखीचा आला. थंडगार, लहान, अंगठ्याच्या नखाला शाई. मी कोरड्या आवाजात म्हटलं, "कुठली शाळा?" तिनं शाळा सांगितली. माझा चेहरा दगड, तिचाही दगड. पण हात सोडताना तिनं माझं बोट किंचित दाबलं. पुढच्या तीन-चार मुलींची शाळा कुठली ते मला काही ऐकू आलं नाही.

आता या शिबिराची एक गंमत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. हे संघनायिकांचं शिबिर. वेगवेगळ्या शाळांतल्या नायिका एकत्र करून त्यांचे इथं नवे संघ पाडतात. म्हणजे प्रत्येक संघात आठ जणी, आणि आठही आपापल्या गावच्या पुढारी. हुकूम सोडायची सवय सगळ्यांना, ऐकायची कुणालाच नाही. त्यातून शिबिरापुरती नायिका चिठ्ठी टाकून ठरवतात. शेवंती संघाची चिठ्ठी निघाली ती आमच्या नातीची. नशीब असं मस्करी करतं बघा.

मी आंब्याखाली सतरंजीवर बसले. शेजारी गुण देणारे सर. ते स्काऊटचे, वयानं तरणे, चष्मा नाकावरून सारखा घसरणारा, कामात मात्र काटेकोर. शिट्टी झाली आणि चुली पेटायला लागल्या.

शेवंती संघाकडं बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते. ऐकायचं नाही असं मात्र ठरवलं नव्हतं. आजऱ्याची एक धिप्पाड मुलगी सगळ्यांत आधी कडाडली, "भात मी करनार! आमच्यात कळकाच्या नळीत शिजिवत्यात, मला येतंय." कळक म्हणजे बांबू.

"आणि चूल कोन मांडनार, तुजा आज्जा?" हे हातकणंगल्याच्या मुलीचं.

"आज्जाचं नाव काढू नको हां!"

मंडईतल्या बागवानांची एक मुलगी होती, ती दोघींच्या मध्ये शिरली. "ए, भांडा की निवांत, पण आधी कांदा कोण कापणार ते सांगा. सुरी कुठाय?"

या सगळ्यात आमची नात कुठंतरी मध्ये उभी. तिचे ओठ हलताना दिसले. काय बोलली ते इकडं काय, तिच्या शेजारणीलाही ऐकू गेलं असेल की नाही कोण जाणे. पण बाकीची सातही डोकी एकदम खाली वाकली. ऐकू येत नव्हतं म्हणून जवळ आल्या होत्या बिचाऱ्या. क्षणभर तिथं नुसत्या वेण्यांचा गोल दिसला. मग गोल फुटला आणि जी ती आपापल्या कामाला लागली. आजऱ्याची भाताला, हातकणंगल्याची चुलीला, बागवानांची कांद्याला, एक कणीक मळायला, एक बटाट्याला चिखल लिंपायला, दोघी चटणीला.

आणि नात? तिच्या वाट्याला काहीच नाही. ती हात मागं बांधून उभी.

मी मनातल्या मनात ओरडत होते. अगं, घाल की हात पिठात! निदान चार काटक्या तरी मोड! पण ती आपली या मुलीकडून त्या मुलीकडं हिंडत होती. हिच्यापाशी वाकली, तिच्यापाशी वाकली, पाण्याची बाटली घेऊन इकडं गेली, तिकडं गेली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, लग्नात आलेली दूरची पाहुणी आहे, कुणाशी बोलावं ते कळत नाहीये. मला राहवेना. मी खाकरले. आमच्या घरात माझं खाकरणं म्हणजे सूचना असते. तिनं माझ्याकडं बघितलं आणि परक्या बाईकडं बघावं तसं बघून मान फिरवली. शब्दाची पक्की. मीही मग सतरंजीची दशी ओढत बसले.

वेळ संपली. आम्ही उठलो. गुलाब संघाची रोटी फुगली होती, कमळ संघाचं वांगं छान भाजलं होतं. दोन्हीकडं मी ऐटीत म्हटलं, "हात दाखवा," आणि मुलींनी काळे-पांढरे हात पुढं केले. सर कौतुकानं म्हणाले, "वा बाई, ही पद्धत भारी आहे. मी पण यातच गुण धरतो." मी फुलून गेले. म्हातारपणी शाबासकीची भूक वाढते, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आणि त्याच फुगलेल्या अंगानं मी शेवंती संघापुढं उभी राहिले आणि म्हणून बसले, "हात दाखवा."

शब्द तोंडातून सुटले तेव्हा कळलं. पण सुटलेला शब्द आणि एस.टी., मागं धावून मिळत नाहीत.

सात जोड्या हात पुढं आले. चिखलाचे, राखेचे, कणकीचे. आठवी जोडी आली ती शाळेत येताना असते तशी स्वच्छ. नखावरची शाईसुद्धा जिथल्या तिथं.

सरांनी चष्मा वर सारला. "संघनायिका कोण?"

"मी," नात म्हणाली. सरांना ऐकू आलं नाही. त्यांनी परत विचारलं. तिनं परत सांगितलं.

"तू काय केलंस यात?"

ती जमिनीकडं बघायला लागली. "काही नाही, सर. सगळी कामं यांनीच घेतली. माझ्यासाठी उरलंच नाही."

सर वाईट नव्हते. नियमानं चालणारे होते. त्यांनी मान हलवली आणि हातातल्या कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. मला वाटलं, संपलं. आता ही पोर घरी येईल आणि माझी कात्री मागेल. आणि ती मागेल तेव्हा मला नाही म्हणता येणार नाही, कारण तिला असं सगळ्यांपुढं उभं केलं ते माझ्याच एक्क्यानं. तोंड उघडावं तर मी तिची कुणी नाही.

तेवढ्यात आजऱ्याची पुढं आली.

"ओ सर, काय केलं न्हाई म्हंजे? असं कसं लिवताय?"

"तीच म्हणाली ना?"

"ती काय बी म्हनंल! तिला बोलायला कुठं येतंय? मी सांगतो की." आमच्याकडं खेड्यापाड्यात मुलीही "सांगतो" म्हणतात. "नळीचं तोंड लिंपून माजं हात चिखलानं भरल्यालं. नाकावर माशी बसली. हालंना! तोंड फुगवून फू फू केलं तरी हालंना. ही आली, माशी उडिवली आणि वर नाक खाजवून दिलं. बरोबर जिथं खाजत हुतं तिथं!"

मुली फिदीफिदी हसायला लागल्या.

"हसू नका गं! तुमची नाकं कुनी खाजवली?"

"हिनंच," बागवानांची मुलगी म्हणाली. "सर, अम्मीची शपथ, कांद्यानं मला काही दिसत नव्हतं. हातानं पुसावं तर हात कांद्याचे. हिनं ओढणीनं डोळे पुसले, एकदा नाही, सारखे. आणि पाणी पाजलं. बाटली तोंडाला धरून, लहान बाळाला पाजतात तसं."

"माझी वेणी चुलीत जात हुती," हातकणंगल्याची म्हणाली. "हिनं वर बांदली."

कणीक मळणारी म्हणाली, "माझ्या बाह्या वर केल्या." चटणीवाल्या दोघी एकदम म्हणाल्या की आम्हाला काही नको होतं, तरी ही येऊन विचारून गेली, कानात. "कानात बोलती नव्हं, म्हून भांडन करता येत न्हाई," आजऱ्याचीनं निकाल दिला. "वराडली असती तर मी बी वराडलो असतो."

आणि मी, परीक्षक, ज्येष्ठ, जाणकार, तिथं उभी राहून भलतंच काहीतरी बघत होते.

आमचं स्वयंपाकघर दिसत होतं मला. सणासुदीला माझे दोन्ही हात पुरणात किंवा पिठात असायचे, आणि नातीचे आजोबा दारात येऊन उभे राहायचे. बोलायचे नाहीत, बोलले तरी मला ऐकू यायचं नाही. "अहो, मोठ्यानं बोला, तोंडात काय धरलंय?" हे माझं ठरलेलं. मग ते आत यायचे, माझ्या कपाळावर आलेली बट बोटानं मागं सारायचे, कानामागं नीट खोचायचे. घसरलेला पदर उचलून खांद्यावर ठेवायचे. आणि मी, ती शिट्टीवाली, काय म्हणायची? "नुसते मध्ये मध्ये काय करताय, जरा बाजूला व्हा की. कामाच्या वेळी हे कसलं उभं राहणं!" ते बाजूला व्हायचे. थोड्या वेळानं पुन्हा यायचे. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही मळताना बट पुढं येते, ती मी खांद्यानं ढकलते आणि ती काही नीट बसत नाही. एवढ्या वर्षांत मी त्याला काम म्हणून धरलंच नव्हतं. कारण त्यांचे हात स्वच्छ असायचे ना.

सरांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कागद काखेत धरला आणि म्हणाले, "बरं, आता चव बघू." निखाऱ्यातून काढलेला बटाटा त्यांनी स्वतःच फोडायला घेतला. वरचा भाजलेला चिखल काही सुटेना. दोन्ही हात काळे झाले, घाम आला, आणि चष्मा लागला घसरायला. नाकाच्या मध्यावर आला. सरांनी नाक वर केलं, मान मागं टाकली, एक डोळा मिटला. चष्मा शेंड्यावर येऊन थांबला.

नात पुढं झाली आणि तिनं एका बोटानं चष्मा वर सारला.

"थँक्यू," सर म्हणाले आणि बटाटा फोडायला लागले. मग हात थांबवून त्यांनी तिच्याकडं बघितलं. नंतर माझ्याकडं. मी आंब्याच्या झाडाकडं बघत होते. त्या झाडाला त्या वेळी बघण्यासारखं काहीही नव्हतं.

पुढं त्यांनी कागदावर काय लिहिलं ते मी विचारलं नाही. नंबर शेवंतीला आला नाही, तो गुलाबाला गेला, आणि रोटी बघता ते योग्यच होतं. शेवंतीचा भात मात्र काय सांगू! कळकाचा वास लागलेला, दाणा न् दाणा सुटा. आजऱ्याचा तांदूळ आजऱ्याच्याच मुलीनं आणलेला. मी दोनदा घेतला. बोलायची वेळ आली. मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं, मी खरोखर दोनच बोलले. "छान झालं." शिबिरप्रमुखांनी माझ्याकडं चमकून बघितलं. बाईंना बरं नाही की काय, असं त्यांना वाटलं असणार.

निघताना मी नातीकडं बघितलं नाही. शब्द म्हणजे शब्द. परतीच्या एस.टी.त मात्र शेजारच्या बाईनं विचारलं, "काय ओ आज्जी, कुठं गेलतासा?" आणि मी तिला हळदी गावाच्या फाट्यापासून रंकाळ्याच्या स्टँडपर्यंत सगळं सांगितलं, नाकासकट.

शिबिर संपवून नात घरी आली ती काळवंडून, आवाज बसलेला. म्हणजे काय फरक पडला म्हणा. जेवली आणि झोपली. मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, आणि सुनेलाही डोळे वटारून बजावून ठेवलं होतं. पण पट्ट्या बघायच्या नाहीत असं कुठं ठरलं होतं? उठून न्हाणीघरात गेले तर बादली रिकामी. सुनेनं कुर्ता तोवर धुऊन टाकलेला. गुडघे धरत गच्चीवर गेले. कुर्ता दोरीवर होता, पण उलटा करून वाळत घातलेला. खिसा आत. आता दोरीवरचे कपडे उलगडून बघणारी म्हातारी शेजाऱ्यांना दिसली असती तर काय म्हणाले असते? तरी मी बघणारच होते, पण समोरच्या गच्चीवरून हाक आली, "काय शोधताय आज्जी?" "काही नाही, चिमटा पडला," म्हणून खाली आले.

संध्याकाळी थालीपिठाचं पीठ मळायला घेतलं. दोन्ही हात बुडाले. नात शेजारच्या खोलीत काहीतरी वाचत पडली होती.

मी हाक मारली, "अगं, इकडं ये बघू. नाक खाजतंय गं."

ती आली. नाकाला बोट लावलं. "इथं?"

"जरा वर. हां. बास."

तिनं माझ्या कपाळावरची बट मागं सारली आणि कानामागं खोचली. अगदी नीट बसली ती. मग तिथंच ओट्याला टेकून उभी राहिली. मी पीठ मळत होते, खरं तर आधीच मळून झालं होतं.

"आज्जी."

"काय गं?"

"काय?" असं मला पुन्हा विचारावं लागलं नाही, कारण ती माझ्या अगदी कानाशी येऊन बोलली. "माझी एक पट्टी खालनं सुटलीय. शाळा भरायच्या आधी शिवून देशील?"

"देते की," मी म्हटलं. "त्यात काय एवढं."

मग म्हटलं, "जरा परत खाजव बघू, डावीकडं."

नाक मला पहिल्यांदाही खाजत नव्हतं.